लेन्सचा हूड अडकलाय? पकड खाली ठेवा आणि आधी हे वाचा

मार्गशीर्षातला रविवार होता, भाच्याला घेऊन आमच्या सोलापूरच्या बाळ्याच्या खंडोबाला फोटो काढायला गेलतो. भंडारा उधळताना जे फोटो मिळतात ते वर्षभर दुसरीकडं कुठं मिळत नाहीत, पण तोच भंडारा कॅमेऱ्याच्या प्रत्येक फटीत जाऊन बसतो, हे घरी आल्यावर कळतं. बॅग उघडली, हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर ऊन अडवायला बसवतात ती गोल टोपी, काढून उलटा लावून ठेवावा म्हणलं तर हूड जागचा हलंना. निकॉनची १८-१४० लेन्स आहे माझी, तिचा ओरिजिनल हूड एचबी-३२ कुठंतरी लग्नात हरवला, त्याच्या जागी स्वस्तातला लोकल हूड घेतलाय, तो बसतानाच थोडा टाईट बसायचा.

"मामा, द्या की इकडं, मी काढतो," म्हणत भाच्यानं कॅमेरा फोटो काढताना धरतो तसा धरला, दुसऱ्या हातानं हूड गच्च आवळला आणि जीव खाऊन पिरगळला. हूड फिरला, पण उलट्या बाजूला, आणि आतून कर्र असा आवाज आला.

"का बे, ठेव की खाली!"

पुढचा दीड तास त्या हूडशी खेळण्यात गेला, निघाला शेवटी, लेन्सला काही झालं नाही. त्या दीड तासात जे केलं, आणि त्याच्या आधी दोन-चार मित्रांच्या लेन्स सोडवताना जे कळलेलं, ते सगळं इथं लिहितोय. घाईत असाल तर एवढंच वाचा: हूड जेवढा जोरात आवळाल तेवढा तो जास्त रुततो. हूड हा पातळ प्लास्टिकचा गोल आहे, दोन बाजूंनी दाबला की अंड्यासारखा लांबट होतो, मग आतल्या खाचा लेन्सच्या कडेवर दाबून बसतात आणि फिरवायला तुम्ही जो जोर लावताय तोच त्याला अडवतो. आमचा भाचा जिमला जातो, म्हणून त्याच्याकडून तर अजिबातच निघाला नसता.

आधी हूड कसला आहे ते बघा

हूड तीन प्रकारचे भेटतात. पहिला खाचेचा, म्हणजे थोडासा फिरवला की टक् करून बसतो, कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सपासून महागड्या झूमपर्यंत सगळीकडं हाच असतो, फुलाच्या पाकळीसारखा कापलेला दिसतो तो पण हाच. दुसरा आट्यांचा, फिल्टर बसतो त्या आट्यांवर फिरवत बसवायचा, रबराचा घडी होणारा किंवा धातूचा असतो. तिसरा बटणवाला. कॅनन, सोनीच्या बऱ्याच नवीन महाग लेन्सच्या हूडला बाजूला एक छोटं बटण असतं, ते दाबल्याशिवाय हूड फिरत नाही आणि फिरवायला जाऊ पण नये. हसू नका, एका ओळखीच्या लग्नाच्या फोटोग्राफरनं ते बटण डिझाईन समजून दोन दिवस हूडशी कुस्ती खेळलीय.

आता दिशा. बऱ्याच जणांचा घोटाळा इथंच होतो, भाच्याचा पण इथंच झाला. लेन्सची काच आपल्या तोंडाकडं करून धरली तर बहुतेक खाचेचे हूड घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं बसतात आणि उलट्या दिशेनं निघतात, आट्यांचे पण तसंच. पण कॅमेरा फोटो काढताना धरतो तसा मागून धरला की डोक्यात डावं-उजवं उलटं होतं, आणि आपण काढतोय काढतोय म्हणत घट्ट करत बसतो. म्हणून अंदाजावर जाऊ नका, खुणा बघा. लेन्सच्या पुढच्या कडेला एक ठिपका किंवा रेघ असते, हूडवर सहसा दोन खुणा असतात, एक बसवताना जुळवायची, दुसरी पूर्ण बसल्यावर समोर येणारी. काढताना दुसरीकडून पहिलीकडं जायचं, बास. लोकल हूडवर खुणा नसल्या तर पाकळ्या बघा, नीट बसलेल्या हूडच्या लांब पाकळ्या वर आणि खाली असतात, आखूड डावी-उजवीकडं. माझ्या हूडच्या लांब पाकळ्या भाच्याच्या कृपेनं वर-खाली न राहता तिरक्या झालत्या, म्हणजे हूड थांबायच्या जागेच्या पुढं सरकून रुतलाय हे मोबाईलच्या टॉर्चमध्ये लगेच दिसलं.

टॉर्च मारून अजून एक बघायचं. लेन्स डोळ्यासमोर आडवी धरा आणि हूड आणि लेन्स यांच्यामधली फट चारी बाजूनं सारखी आहे का बघा. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असेल तर हूड तिरका बसलाय, अशा वेळी फिरवण्याआधी तो सरळ करायचा असतो. फटीत पिवळं, लाल, मातकट काही दिसतंय का ते पण बघून घ्या.

तयारी, इथं आळस करू नका

टेबलावर एक सोलापुरी चादर दुहेरी घडी करून टाका. टॉवेल नको, टेरीचे धागे सुटतात आणि मग फटीतून तेच काढत बसायला लागतं.

लेन्स कॅमेऱ्यावरून काढून घ्या आणि मागचं झाकण लावा. कॅमेऱ्यावर ठेवून पिरगळलं की सगळा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडतो त्या जागेवर, आणि त्या छोट्याशा लॉकच्या पिनवर येतो. पुढं यूव्ही फिल्टर, म्हणजे आट्यांवर बसवलेली जादा काच, असेल तर राहू द्या, नसेल आणि हूडच्या आत बोटं घालून मधून दाबायचं झाकण बसत असेल तर ते बसवा.

मग लेन्स कुठं धरायची ते ठरवा. सगळ्या लेखात महत्त्वाची गोष्ट हीच आहे खरं तर. हूड लेन्सच्या अगदी पुढच्या कडेवर बसलेला असतो, आणि किट लेन्समध्ये तो पुढचा भाग हलता असतो. तुम्ही मागं झूमची रिंग धरून पुढं हूड पिरगळला तर मधल्या सगळ्या नाजूक यंत्रणेला पीळ बसतो, झूमचं आतलं बॅरल, म्हणजे नळी, ज्या बारीक रोलरवर सरकतं ते ढिले होतात, मग फोटोची एक बाजू शार्प आणि एक बाजू धूसर यायला लागते. म्हणून हूडच्या लगेच मागं जे बॅरल आहे तेच धरायचं. जागा कमी असेल तर झूम थोडा बाहेर काढा म्हणजे आतलं बॅरल बोटात येतं, पण ते फक्त फिरू नये एवढंच धरायचं, ओढायचं नाही.

दोन-तीन लेन्सचं वेगळं सांगतो कारण आपल्याकडं याच जास्त दिसतात. निकॉनची जुनी १८-५५ व्हीआर आणि कॅननची १८-५५ आयएस टू, या दोन्हींत फोकस करताना पुढचा भाग स्वतः फिरतो, म्हणजे हूड पिरगळणं म्हणजे फोकसच्या मोटरचे गिअर हातानं ओढणं. लेन्सच्या बाजूचं फोकसचं बटण आधी मॅन्युअलवर करा, मग फोकस एका टोकाला पूर्ण फिरवून ठेवा, मग हात लावा. कॅननची ५० एमएम १.८ एसटीएम असेल तर फोकस करताना तिचा पुढचा भाग बाहेर येतो, आणि कॅमेरा बंद असताना रिंग फिरवून तो आत जात नाही कारण ती रिंग पण मोटरवरच चालते. कॅमेरा चालू करून लांबच्या कशावर तरी फोकस करा, नळी आत गेली की बंद करा आणि मग लेन्स काढा. बाहेर आलेल्या नळीवर जोर म्हणजे खर्चाला आमंत्रण. माझ्या १८-१४० ला फोकसचा हा त्रास नाही, तिचं फोकस आतल्या आत होतं, तरी झूमचं बॅरल आहेच.

धूळ आधी, जोर नंतर

आपल्या सोलापुरात हूड अडकायचं पहिलं कारण धूळ. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर एक संध्याकाळ फिरा, नान्नजच्या माळरानावर उन्हाळ्यात गाडीच्या मागं दोन तास जा, किंवा मिरवणुकीतला गुलाल खा, बारीक कण खाचेत जाऊन बसतात आणि प्लास्टिकवर प्लास्टिक घासायच्या जागी दगडावर घासल्यासारखं होतं. भंडाऱ्याचं तर अजून वेगळं, हळद घामाच्या नाहीतर तेलाच्या हाताला लागली की तिचा लेप होतो आणि लेप वाळला की डिंक.

म्हणून पहिला नियम, पाणी लावायचं नाही. ओल्या कापडानं पुसावं हा पहिला विचार सगळ्यांच्याच डोक्यात येतो, पण त्यानं हळद अजून आत जाऊन बसते. सगळं कोरडं करायचं. लेन्स काच खाली करून धरा, म्हणजे पडेल ते खाली पडेल, काचेवर नाही. रबरी ब्लोअरनं फटीत चारी बाजूनं हवा मारा, मग मऊ ब्रशनं झटका, कोरा मेकअपचा ब्रश पण चालतो, मग परत ब्लोअर. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. आणि गॅरेजच्या कॉम्प्रेसरवर तर नेऊच नका, त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं आणि प्रेशर एवढं की धूळ थेट लेन्सच्या पोटात.

जे निघणार नाही त्याला लाकडी टूथपिक. टोक थोडं चावून मऊ करा आणि वाळू द्या, मग फटीतून हळू फिरवा. सुई, टाचणी, ब्लेड काही नको. माझ्या फटीतून अख्खा पिवळा दोराच निघाला, वाळलेल्या लेपाचा, करदोड्यासारखा वाकडा.

चिकट काही असेल, उसाचा रस म्हणा, पेढ्याचा पाक म्हणा, तर मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल इयरबडवर दोन थेंब, इयरबड पिळून जवळजवळ कोरडा करून, फक्त फटीत. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातलं ॲसिटोन प्लास्टिक खातं. आणि तो गंजावर मारायचा स्प्रे, खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल यातलं काहीही नको. तेल लावलं तर हूड निघेल पण, पण ते तेल सरकत सरकत आतल्या पात्यांपर्यंत जातं, उजेड कमी-जास्त करणारी ती ॲपर्चरची पाती एकमेकांना चिकटतात, आणि तो रिपेअर हूडच्या किमतीच्या कितीतरी पट.

आता काढायचं

लेन्स टेबलावर काच वर करून उभी ठेवा. डाव्या हातानं हूडच्या मागचं बॅरल धरा. उजवा तळहात हूडच्या तोंडावर सपाट ठेवा, बरणीच्या झाकणावर ठेवतो तसा, बोटं बाहेरून नुसती टेकलेली, आवळायचं नाही. आता तळहातानं हूड हलकासा खाली, म्हणजे लेन्सकडं दाबा आणि दाबूनच सोडायच्या दिशेनं फिरवा. आत दाबल्यानं खाचेतले दात कडेवरून जरा सुटे होतात, नुसतं ओढत फिरवलं की तेच दात जास्त अडकतात. पाकळीवाला हूड असेल तर पाकळ्यांना धरून फिरवू नका, पाकळी वाकते आणि बुडाला काहीच कळत नाही, जोर बुडाजवळ पोचला पाहिजे.

नाही हलला तर एकदम जोर वाढवू नका. आधी घट्ट करायच्या दिशेला केसभर, मग सोडायच्या दिशेला केसभर, परत घट्ट, परत सोड, असं दहा-पंधरा वेळा करा. पण हूड आधीच थांब्याच्या पुढं गेलेला असेल, माझ्यासारखा, तर घट्ट करायच्या बाजूला अजिबात न्यायचं नाही, फक्त सोडायच्या दिशेला छोटे छोटे हिसके. दर पाच-सहा हिसक्यांनी ब्लोअर मारा, मोकळी झालेली धूळ निघते.

हात घसरत असेल तर पकड वाढवायची, जोर नाही. रुंद रबरबँड बुडाजवळ दोनदा गुंडाळा, किंवा भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला. माझ्याकडं दोन्ही नव्हतं, म्हणून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडं गेलो. हातात लेन्स, कपाळाला भंडारा, माझं तोंड बघून त्यानंच विचारलं, "काय मालक, पंक्चर कुणाचं?" सांगितलं तर हसला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून दिली, पैसे काय घेतले नाहीत. घरी येऊन ती साबणानं धुतली, वाळवली, आतली पांढरी पावडर पुसली आणि हूडच्या बुडाला चोहोबाजूनं ताणून गुंडाळली. याचा फायदा असा की पकड सगळ्या गोलावर सारखी येते, दोन बाजूनं दाब पडत नाही, मग अंडं होत नाही. चार हिसक्यात हूड हलला. आधी टिक्, मग कर्र, मग मोकळा.

तरी नाहीच हलला तर थोडी ऊब. प्लास्टिक गरम झालं की फुगतं, पण किती ते लक्षात घ्या, साधारण ७५ एमएम व्यासाचा प्लास्टिकचा हूड १० डिग्रीनं तापला तर फक्त ०.०५ एमएमच्या आसपास वाढतो. कधीकधी तेवढंच पुरतं, पण लेन्सचं बॅरल पण सोबत तापलं तर फायदा शून्य, कारण ते पण फुगतं. म्हणून हेअर ड्रायर सगळ्यात कमीवर, एक वीत लांब, फक्त हूडवर फिरवत वीस-तीस सेकंद, आणि लगेच फिरवून बघा. हूड हाताला कोमट लागला पाहिजे, चटका नाही. उन्हात ठेवून तापवायची आयडिया सोलापुरात तरी करू नका. निकॉन-कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना वापरायचं कमाल तापमानच ४० डिग्री दिलेलं असतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात सावलीत पण तेवढं असतंय, गच्चीवरचं तर विचारूच नका.

आट्यांचा हूड असेल तर

इथं हिशोब उलटा, कारण हूडचे आटे लेन्सच्या आत बसलेले असतात. गरम केला तर अजून फसेल. धातूचा असेल तर थंड करून बघता येतो: लेन्स झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून बंद करा, फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात दहा-पंधरा मिनिटं, फ्रीजरमध्ये नाही. बाहेर काढली की पिशवीवरूनच फिरवून बघा. पिशवी लगेच उघडायची नाही, लेन्स खोलीइतकी कोमट झाल्यावरच उघडायची, नाहीतर काचेवर आतून-बाहेरून दव धरतं, पावसाळ्यात तर हमखास.

बऱ्याचदा हूड फिल्टरला चिकटून दोघं मिळून फिरत असतात किंवा दोघं मिळून अडकलेले असतात. धातूची कडा अगदी पातळ, ती आवळली की लगेच अंडं. तिथं सपाट रबर कामाला येतं, माऊसपॅडची रबरी बाजू किंवा कोऱ्या स्लिपरचा तळ. रबर टेबलावर, त्यावर लेन्स तोंड खाली करून हूडच्या कडेवर टेकवायची आणि बॅरल धरून, अगदी हलका दाब देऊन, फिरवायची. लक्षात ठेवा, लेन्स उलटी धरलीय आणि हूडऐवजी लेन्स फिरवताय, दोन्ही उलटं मिळून हिशोब सारखाच होतो, वरून बघत लेन्स घड्याळाच्या काट्याच्या उलट्या दिशेनंच फिरवायची. फिल्टर काढायचे प्लास्टिकचे पाने जोडीनं मिळतात, एक फिल्टरला, एक हूडला, ते असले तर सगळ्यात बरं.

हूड पडून वाकला असेल

लेन्स पडली आणि हूडनं मार खाल्ला असेल तर तो फिरणारच नाही, कारण दात वाकलेत. एक-दोनदा बघा, नाही तर हूडचा बळी द्या. दोन-तीनशेचा लोकल हूड आहे तो, जीव लेन्समध्ये आहे. काचेवर झाकण किंवा मऊ कागद घालून कडेनं पेपर टेप लावा. लेन्स काच खाली, आणि वायर कापायच्या छोट्या कटरनं दोन पाकळ्यांच्या मधल्या खोलगट जागेपासून बुडाकडं थोडं थोडं कापत या. शेवटचे तीन-चार एमएम कापायचेच नाहीत, तिथं लेन्स लागते. समोरच्या बाजूला अशीच दुसरी चीर द्या, मग दोन्ही भाग बोटांनी बाहेर उघडले की गोल ढिला होतो आणि दात सुटतात. हॅकसॉ ब्लेडचा भुसा पडतो, ड्रिलची चाकी प्लास्टिक वितळवते, आणि गरम सुरी फक्त धूर करते, म्हणून कटरच.

आणि यातल्या कुठल्याही वेळी झूमचं बॅरल लटपटल्यासारखं वाटलं, फोकसची रिंग खरखर करायला लागली किंवा आत काहीतरी खडखडलं, तर तिथंच थांबा आणि हूडसकट सर्व्हिसला द्या. हूड लावलेल्या लेन्सनं फोटो निघतातच की, घाई कशाची आहे.

निघाल्यावर

लगेच परत लावू नका. लेन्सची खाच ब्लोअरनं साफ करा, हूडचे दात बोटानं चाचपा. हूड आता लेन्सवर नाही, म्हणून तो साबणाच्या पाण्यात घासून धुतला तरी चालतो, पूर्ण वाळवा फक्त. लोकल हूडच्या दातांवर साच्यातून आलेली प्लास्टिकची बारीक कूस राहिलेली असते, ती नखं घासायच्या कानशीनं दोन-तीनदा घासली की हूड कायमचा सुतासारखा बसतो. माझा टाईट बसायचा त्याचं कारण हेच निघालं, घेतल्या दिवशीच बघितलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं. मेण, पेन्सिलचं शिसं, व्हॅसलीन वगैरे लावू नका, पुढच्या यात्रेला त्यावरच भंडारा चिकटणार.

खुणा नव्हत्या म्हणून बहिणीच्या पांढऱ्या नेलपॉलिशचा एक ठिपका हूडवर दिलाय, लेन्सच्या रेघेसमोर येईल असा. आता यात्रेला किंवा हळदीच्या शूटला जाताना हूड आणि लेन्स यांच्या सांध्यावरून पेपर टेपचा एक वेढा मारतो, झूमची रिंग मोकळी सोडून, आणि घरी येऊन टेप काढायच्या आधी ब्रश मारतो. ट्यूबची पट्टी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात असते. परवा चंपाषष्ठीला परत गेलो तेव्हा भाच्यानं हूड काढायला हात पुढं केला, मग स्वतःच थांबला, लेन्सची काच आपल्याकडं वळवली, ठिपका शोधला आणि म्हणला, "मामा, इकडंच ना?"